सासूबाई आणि दोन मिली दारू

बारावीच्या रसायनशास्त्रात हॅलोजनचा धडा आधी येतो आणि अल्कोहोलचा त्याच्या मागून. समुद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरा वर्षं हे दोन धडे शिकवते आहे. म्हणजे दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात, दर हिवाळ्याच्या तोंडावर, मी साठ पोरापोरींना दारू कशी तयार होते ते फळ्यावर लिहून देते, आणि परीक्षेला हमखास येईल म्हणून पाठही करायला लावते. या कामाचा मला पगार मिळतो.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर 'अल्कोहोल' हा शब्द लिहिला आणि मागच्या तीन बाकांवर खोकल्याची साथ आली. मी रागावले. दुसऱ्या वर्षीही रागावले. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की वर्गातल्या पोरांना या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मोहाची कुठल्या नाल्यावर गाळतात, शेजारच्या जिल्ह्यातून दुधाच्या कॅनमध्ये काय येतं, कुणाच्या तुरीत काय पुरलेलं असतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त सूत्र ठाऊक नव्हतं. मग मी रागवायचं सोडलं आणि सूत्र द्यायला लागले.

माझी खरी अडचण वर्गात नव्हती, घरी होती. माझ्या सासूबाई आमच्या गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाला भिशी, हळदीकुंकू असली कामंही होती, पण मुख्य काम एकच, दारू पकडणं. सासूबाई पाच फूट आठ इंच उंच आहेत आणि त्यांच्याकडे बाभळीची एक काठी आहे. त्या काठीनं त्यांनी नाल्याकाठचे सडव्याचे, म्हणजे गाळायला आंबत ठेवलेल्या मोहाचे, किती मटके फोडले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. अल्लीपूरहून माझं स्थळ गेलं तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. माझ्या बाबांना एकच प्रश्न केला, तुमच्या घरी कोणी पेते का? बाबा नाही म्हणाले. लग्न ठरलं. मी एम.एस्सी. रसायनशास्त्र आहे हे त्यांना साखरपुड्यात कळलं आणि ते औषधांचं दुकान असतं तसलं काहीतरी असेल असं त्या धरून चालल्या. मीही खुलासा केला नाही. नवऱ्यानं तर नाहीच केला. त्याला त्या घरात मत मांडायची सवय नव्हती.

हे सगळं सहा वर्षं नीट चाललं. मग आमच्या लॅबचं स्पिरिट संपलं.

लॅबला स्पिरिट लागतं ते परवान्यावर मिळतं. त्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आमच्याच कार्यालयाच्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, सगळा पावसाळा निवांत पडून होता. अर्ज सापडला तोवर नोव्हेंबर उजाडला होता. अल्कोहोलचे सगळे प्रयोग खोळंबले. आमचे प्राचार्य म्हणाले की प्रयोग तोंडी शिकवा. मी म्हटलं बरं, आणि लॅबमध्ये जाऊन कपाट धुंडाळायला लागले. मला राग आला होता, आणि राग आला की मी कपाटं आवरते.

वरच्या फळीवर मागच्या बाजूला ब्रोमोइथेनची एक बाटली सापडली. तपकिरी काच, मेण लावलेलं बूच, तळाशी थोडा द्रव. माझ्या आधीच्या मॅडमनी कधीतरी मागवली असावी आणि भीतीनं उघडली नसावी. मी बाटली हातात घेतली आणि मला एकदम फार आनंद झाला. कारण ब्रोमोइथेनमधला ब्रोमीन काढला आणि त्याच्या जागी पाण्यातला ओएच बसवला की जे उरतं तेच अल्कोहोल. तेच, जे परवान्यावर मिळतं. धडा दहाचं उत्तर धडा अकरा होतं, आणि आम्ही ते नुसतं फळ्यावर बाण काढून दाखवत होतो.

आमचे लॅब परिचर, ज्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणतं, त्यांना मी बेत सांगितला. भाऊ निवृत्तीला आले होते आणि कशालाही नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी फक्त इतकं विचारलं की मॅडम, हे घरी माहीत आहे का? मी म्हटलं, घरी कशाला सांगायचं, हा अभ्यासक्रमाचा भाग आहे.

ब्रोमोइथेन अडतीस अंशांना उकळतं. आमच्याकडे एप्रिलात झाकण उघडलं तर ते आपलं आपण उकळून निघून जाईल. नोव्हेंबर होता म्हणून जमलं, तरी भाऊंनी कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला. नळाला पाणी नव्हतं, म्हणून स्टुलावर स्टूल ठेवून वर बादली चढवली, रबरी नळीनं तिचं बर्फाचं पाणी कंडेन्सरमधून फिरवलं आणि खाली दुसरी बादली लावली. एक भरली की भाऊ अदलाबदल करायचे. चंबूत ब्रोमोइथेन आणि कॉस्टिकचं पाणी. खिडक्या उघड्या, पोरं दोन हात लांब.

उकळत होतं तोवर मी प्रतिक्रिया समजावून सांगितली. बसच्या सीटवर माणूस बसलेला आहे, तो अजून उठलाही नाही, तेवढ्यात मागच्या खिडकीतून कुणीतरी रुमाल टाकतं आणि त्या धक्क्यानं हा पुढून उतरतो. रुमालवाला म्हणजे ओएच, उतरणारा म्हणजे ब्रोमीन. हे पोरांना लगेच कळलं, कारण हिंगणघाटच्या गाडीत ते रोज हेच करतात. मग मी सांगितलं की हेच कॉस्टिक पोटॅश पाण्यात विरघळवून घातलं तर अल्कोहोल मिळतं, आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून घातलं तर इथीन नावाचा वायू मिळतो, जो आमच्या कामाचा नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, म्हणजे दारूत टाकलं तं दारूही गेली आणि मालही गेला. मी म्हटलं, ढोबळमानानं बरोबर, पण परीक्षेत असं लिहू नका.

दुसऱ्या तासिकेला आम्ही ते गाळलं. कंडेन्सरच्या टोकाला पहिला थेंब लोंबला आणि परीक्षानळीत पडला तेव्हा वर्गात जी शांतता होती ती मी पुन्हा कधी अनुभवली नाही. चमचाभर जमलं. थोडं घेऊन त्यात आयोडीन आणि कॉस्टिक घातलं, पिवळा साका बसला आणि दवाखान्याचा वास सुटला. थोडं आम्लातल्या डायक्रोमेटमध्ये घातलं आणि किंचित गरम केलं, नारिंगी रंग डोळ्यांदेखत हिरवा झाला. उरलं दोन मिली. ते मी बूच लावून स्टँडमध्ये ठेवलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, माझ्याच सासरच्या गावची, तिनं हात वर केला. "मॅडम, मंग ही खरी दारू झाली?"

मी म्हटलं, "पाणी काढून शुद्ध केली तर, हो."

ते 'हो' त्याच दिवशी पाचच्या बसनं गावाला गेलं. मी साडेपाचच्या बसनं गेले.

मला नंतर कळलं की ती मुलगी घरी जाऊन आनंदानं फक्त एवढंच म्हणाली होती की आज मॅडमनं कॉलेजात दारू तयार केली. तिची आई महिला मंडळाची सचिव. सचिव ताबडतोब शेजारी गेली. दोन मिलीचे विहिरीजवळ दोन लिटर झाले आणि चक्कीवर दोन कॅन. आमच्या घरापर्यंत आलं तोवर कॉलेजात भट्टी लागली होती आणि प्राचार्यांचा त्यात हिस्सा होता.

रात्रीच्या जेवणाला सासूबाई स्वतः वाढायला बसल्या. मला भाकरी वाढली, वरून तेल-तिखट दिलं, वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढली. मला वाटलं, आज स्वारी खूश दिसते.

सकाळी मी नऊच्या बसमध्ये चढले तर पुढच्या सीटवर सासूबाई. मागे मंडळाच्या पाच बाया. काठी दोन सीटच्या मधे उभी.

मी विचारलं, "आई, कोठी निघाल्या?"

"कामानं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मला वाटलं तहसिलीत निवेदन असेल. मी त्यांची तिकिटंही काढली. समुद्रपूरला उतरले, कॉलेजकडे वळले, तर त्याही वळल्या. कॉलेजच्या फाटकापर्यंत आलो तेव्हा मला ते 'हो' आठवलं.

प्राचार्य सज्जन गृहस्थ होते, आणि सज्जनांचं जे होतं ते त्यांचं झालं. त्यांनी सहा बाया आणि एक काठी पाहिली आणि आधी चहा सांगितला. सासूबाई म्हणाल्या चहा नको, भट्टी दाखवा. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. भट्टीबद्दल त्यांनाही काही माहीत नव्हतं, कारण त्यांनी तोंडी शिकवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, सर, लॅबमध्ये चला, दाखवते.

लॅबमध्ये भाऊ बादल्या पुसत होते. आम्हाला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि स्वतः खिडकीजवळ जाऊन उभे राहिले, जिथून सगळं दिसतं आणि काही अंगाशी येत नाही. बाया भिंतीला धरून रांगेत उभ्या राहिल्या. सासूबाई बसल्या नाहीत.

मी स्टँडमधली परीक्षानळी काढून त्यांच्यापुढे धरली. तळाशी दोन बोटंही नाही एवढं पाणी.

"इतलीच?" सचिवबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. एवढ्या लांबून आल्या होत्या.

सासूबाईंनी बूच काढलं, नळी नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. हा वास त्यांनी वीस वर्षं नाल्याकाठी घेतलेला होता. त्यात त्यांना कोण फसवणार. "हेच हाये," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून मला विचारलं, "हे तू केलं?"

"हो."

"मोह नाई, गूळ नाई, कायच्यानं केलं?"

मी फळ्याकडे गेले. मला दुसरं काही येत नाही. मी ब्रोमोइथेन काढलं, ओएच काढला, बाण काढला, बसमधला रुमालही सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "करता येते तं मोडताही येत असन."

हे वाक्य मी त्यानंतर दर वर्षी वर्गात सांगते. सगळं सेंद्रिय रसायनशास्त्र त्यात येतं. पण त्या वेळी मला एवढंच सुचलं की सुटकेचा रस्ता दिसतो आहे. मी डायक्रोमेटची बाटली काढली, आम्ल घातलं, नळीतलं सगळं त्यात ओतलं आणि गरम पाण्यात धरलं. नारिंगी रंग मळकट झाला, मग शेवाळी, मग हिरवा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. मी म्हटलं, झाली. आता यात दारू नाही. हिचं आम्ल झालं.

सासूबाईंनी दुरून पुन्हा वास घेतला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दारू ओतून दिली होती, जाळली होती, पोलिसांच्या हवाली केली होती. तिचं रूपच पालटून तिला आंबट करून टाकता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बायांना एकेक करून पुढं बोलावलं आणि ती हिरवी नळी दाखवली. मग प्राचार्यांना म्हणाल्या की आता चहा चालेल.

लॅबच्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद मला करावी लागली. मी लिहिलं, 'इथेनॉल, दोन मिली, प्रयोगशाळेत तयार केले, ग्रामस्थ महिलांच्या उपस्थितीत नष्ट केले.' प्राचार्यांनी सही केली आणि खालची तारीख दोनदा तपासली.

खरी चूक मी त्यानंतर केली. चहा पिताना सासूबाईंनी विचारलं की माणूस पेला का नाई, हे त्या नारिंगी पाण्यानं समजते का? त्या वेळी हो म्हणायची काही गरज नव्हती. पण शिक्षकाला उत्तर येत असलं की ते दिल्याशिवाय राहवत नाही. मी सांगून बसले की पूर्वी श्वास तपासायच्या नळ्या अशाच असायच्या, याच रसायनाच्या. फुंकर मारली की आतले नारिंगी दाणे हिरवे.

पुढचे दोन महिने माझ्या घरात दुसरा विषय नव्हता. स्वयंपाक करताना, धुणं वाळत घालताना, नवऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर. मी सांगितलं की आई, ते विष असते, आम्ल असते, हात भाजते. त्या म्हणायच्या, मंग तू धर. शेवटी जानेवारीत कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी तसल्या चार नळ्या केल्या. काचेच्या बारीक नळीत रसायनात भिजवून वाळवलेले सिलिकाचे दाणे, दोन्ही टोकांना कापूस. तोंड कुणी लावायचं नाही. आधी फुगा फुगवायचा आणि मग फुग्यातली हवा नळीतून सोडायची, नळी माझ्या हातात. प्रदर्शनात तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर ज्वालामुखीला गेला, नेहमीसारखा.

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, गावच्या समाजमंदिरात सभा भरली. बाया सतरंजीवर, माणसं भिंतीला टेकून आणि ओट्यावर. सासूबाईंचा बेत असा की फुगा ठेवायचा आणि ज्याला आपण स्वच्छ आहोत असं वाटतं त्यानं स्वतःहून फुगवायचा. कुणावर जबरदस्ती नाही. पण पिऊन सापडला तर मंडळाचा नियम ठरलेलाच होता, दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारासमोरचं आवार झाडायचं.

माणसं काही पुढं येईनात. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की घाबरता काऊन, पहा, मीच पयली फुगवते. त्यांनी गुलाबी फुगा एका दमात फुगवला, मला दिला, मी नळीला जोडला आणि हळूहळू हवा सोडली. सगळे माना उंचावून पाहत होते. मीही पाहत होते.

पहिले चार-पाच दाणे हिरवे झाले. मग त्यांच्या मागचे झाले.

मला आधी वाटलं माझी नळी बिघडली. ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. गावात सगळ्यात जास्त पिणारा एक म्हातारा होता, ज्यानं ते आवार इतक्या वेळा झाडलं होतं की झाडू घरूनच आणायचा. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "बाई, आमाले तरी सांगायचं."

मग जे हसू फुटलं त्यानं समाजमंदिराचे पत्रे हलले. सासूबाई नळीकडे पाहत उभ्या होत्या. मला कारण सापडत नव्हतं. मी त्यांना हळूच विचारलं की निघताना काही खाल्लं होतं का. जेवून, द्राक्षासवाची दोन झाकणं घेऊन निघाल्या होत्या. पोटासाठी. वैद्यांनी सांगितलेलं, कित्येक वर्षांचं रोजचं औषध, आणि आमचं घर समाजमंदिराला लागूनच.

मी त्यांच्या कानात सांगितलं की आई, आसवात दारू असते. मुरताना आपोआप तयार होते. थोडीच असते, औषध आहे, पण तोंडात वास राहतो तेवढा वेळ नळी हिरवी होणारच. तुमचा काही दोष नाही, मी सांगते सगळ्यांना.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी सचिवबाईंना घरी पाठवून बाटली आणवली आणि माझ्या हातात दिली. "काय लिहिलं हाये ते मोठ्यानं वाच."

लेबलवर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात स्वयंनिर्मित मद्यार्क आहे. मी वाचलं. हसणं थांबलं होतं. त्यांना सोडवायला ते वाक्य पुरेसं होतं. दुसरं कुणीही असतं तर बाटलीवर ढकलून मोकळं झालं असतं. मीही तेच करणार होते.

सासूबाई सचिवबाईंकडे वळल्या. "माहं नाव लिही," त्या म्हणाल्या. "उद्या आवार मी झाडते."

बाया ओरडायला लागल्या की हे औषध आहे, हे धरायचं नसते. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. सभा तिथंच संपली. फुगे तसेच राहिले आणि एकाही पुरुषाची परीक्षा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पदर खोचला आणि आवार झाडायला घेतलं. मी कॉलेजला जायच्या आधी पाहून आले. अर्धं झालं होतं, तेवढ्यात तो म्हातारा आपला झाडू घेऊन आला आणि दुसऱ्या टोकापासून झाडायला लागला. त्याला ते पाहवलं नसावं. दोघं मधे भेटले, मान हलवली आणि आपापल्या घरी गेले. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखाच पिऊन आला, पण आमच्या घरासमोरून न जाता मागच्या गल्लीनं गेला. आमच्या गावात इतका आदर फार झाला.

मला वाटलं विषय मिटला. चार दिवसांनी आम्ही दोघी अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलो होतो. त्यांनी सुपावरून नजर न उचलता विचारलं, "माह्या बाटलीतली अन नाल्यावरची, एकच असते काय? का येगयेगळी?"

मी म्हटलं, "रेणू एकच आहे, आई. तोच."

त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. मग त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि असा भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. त्यानं त्यांना झाडावर चढायला शिकवलं होतं, सायकल शिकवली होती. तो पिऊन पिऊन गेला, त्या त्याच्या उशाशी होत्या. शेवटच्या दिवसांत तो पाणी मागायचा आणि त्याच्या तोंडाच्या वासानं त्या तोंड फिरवून पाणी पाजायच्या.

"मी त्याच्याकडं पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "अन तोच वास माह्या तोंडाले रोज होता, जेवल्यावर."

मी म्हटलं की प्रमाणात फरक असतो, खूप फरक. ते खरं होतं, आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता हेही मला दिसत होतं. मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले. त्यांनी वेचू दिले. पाखडलेली डाळ आम्ही डब्यात भरली, आणि मग त्यांनी नाक शिंकरून मला झापलं की टरफलं इतकी बारीक राहिली कशी.

आसव त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. त्याचे परिणाम घरातल्या सगळ्यांना भोगावे लागले, कारण त्यांच्या पोटाचा त्रास खरा होता आणि तो आवाज करून होत असे. वैद्यांनी ओव्याचं चूर्ण दिलं, त्यानं निम्मं भागलं. दुसरा परिणाम असा की घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीचं लेबल मला वाचून दाखवावं लागायला लागलं. खोकल्याचं औषध, हात धुवायचं सॅनिटायझर, नवऱ्याचं दाढीनंतर लावायचं ते सुगंधी पाणी. ते पाणी बाहेरच्या मोरीवर गेलं. नवऱ्यानं मत मांडलं नाही.

महिला मंडळाचं काम चालूच आहे. फक्त पकडलेल्या माणसाशी त्या आता आधी बोलतात, काठी नंतर काढतात. याला मंडळातल्या काही बायांचा विरोध आहे, आणि खरं सांगायचं तर पकडलेल्यांचाही, कारण त्यांचं बोलणं तासभर चालतं. आवार झाडणं लवकर आटोपतं, असं तो म्हातारा म्हणतो.

आमच्या लॅबचा परवाना त्याच मार्चमध्ये आला. स्पिरिट रीतसर आलं, कुलपात गेलं. भाऊ निवृत्त झाले. ती पहिल्या बाकावरची मुलगी वर्ध्याला बी.एस्सी. करते आणि मला फोन करून शंका विचारते. तिला अजून वाटतं की त्या दिवसाच्या गोंधळाला ती जबाबदार आहे. मी तिला सांगत असते की जबाबदार मी, तू फक्त बरोबर प्रश्न विचारला होतास.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई एक दिवस माझ्याबरोबर कॉलेजात आल्या. तहसिलीतलं काम अकरालाच आटोपलं आणि परतीची बस दीडला होती. मी म्हटलं वर्गात बसा, सावली आहे. त्या शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधे, चप्पल बाहेर काढून बसल्या. वर्गात इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. मागचे तिन्ही बाक पाठ ताठ करून वहीत लिहीत होते. टर्शरी ब्रोमाइडमध्ये ब्रोमीन आधी निघून जातो आणि ओएच नंतर येतो, हे मी सांगत होते. दहाएक मिनिटं त्यांनी फळ्याकडे एकटक पाहिलं. मग त्यांची मान हळूहळू खाली आली आणि बाकावर हाताची घडी करून, तिच्यावर डोकं ठेवून त्या झोपल्या. शेजारच्या मुलानं मला खुणेनं विचारलं, उठवू का?

मी नको म्हटलं, आवाज थोडा खाली आणला आणि पुढची पायरी लिहायला घेतली.